शीतवाहनाला शक्ति कोठून मिळते?

परभणीच्या मोंढ्यांत वैशाखांतल्या दुपारीं दोन वाजतां उभ्या असलेल्या मालमोटारीच्या पत्र्याला हात लावण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. सावलींतला पारा बेचाळीस अंशांच्या पुढें गेलेला असतो. उन्हांत तापलेल्या लोखंडाची गोष्ट तर विचारावयासच नको. अशा वेळीं त्याच रांगेंत एखादी पांढरी, पेटीसारखी सर्व बाजूंनीं बंद अशी मालमोटार येऊन उभी राहते. चालकाच्या डोक्यावर, पेटीच्या कपाळीं, एक जाळीदार यंत्र घरघरत असतें आणि आंत लोणी, औषधें किंवा फळें असतात. बाहेर बेचाळीस आणि आंत चार. मध्यें आड काय ती चार बोटें जाडीची भिंत! हें अंतर राखावयास शक्ति लागते. ती शक्ति वाहन धांवत असतां कोठून येते, आणि वाहन थांबलें म्हणजे तिचें काय होतें, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या पेटींत थंडी भरलेली असते असा सामान्य समज आहे. वास्तविक थंडी ही भरण्याची वस्तु नव्हे. आंत शिरणारी उष्णता उपसून बाहेर टाकावी लागते, एवढेंच. झऱ्याच्या विहिरीवर मोट चालवावी तसें हें काम आहे. झरा थांबत नाहीं, म्हणून मोटहि थांबून चालत नाहीं. शीतयंत्रांतील द्रव पदार्थ आंतल्या नळ्यांत उकळून वायुरूप होतो आणि उकळण्यास लागणारी उष्णता पेटींतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. दाबल्यानें तो तापतो, बाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता हवेला देतो आणि पुन्हां द्रव होतो. मातीच्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याचेंच हें बंदिस्त रूप आहे. फरक इतकाच, कीं माठाची वाफ एकदां गेली कीं गेली. येथें तीच वाफ पकडून पुन्हां कामाला जुंपतात. सारी शक्ति खर्च होते ती या जुंपण्याला. बाहेरची हवा जितकी तप्त तितकी ही विहीर खोल समजावी. मे महिन्यांत एक बादली काढावयास जे श्रम पडतात, तितक्यांत जानेवारींत दोन निघतात.

आतां हा झरा केवढा असतो तें पाहूं गेल्यास आश्चर्य वाटतें. सुमारें चौदा फूट लांब आणि सहा फूट रुंद व तितकीच उंच अशी पेटी घेतली, तर तिच्या सहाहि बाजू मिळून सुमारें ३७ चौरस मीटर क्षेत्र भरतें. चांगल्या फोमच्या भिंतीच्या दर चौरस मीटरांतून, आंतबाहेरच्या फरकाच्या दर अंशामागें, सुमारें अर्धा वॉट उष्णता आंत येते. फरक चाळीस अंशांचा धरला तर हिशेब ७४० वॉटचा, म्हणजे जेमतेम एका अश्वशक्तीचा होतो. आणि ही उष्णता उपसावयास तितकीहि शक्ति लागत नाहीं, कारण कडक उन्हाळ्यांतहि कॉम्प्रेसर एक भाग शक्ति घेऊन दीड ते दोन भाग उष्णता बाहेर टाकतो. साडेचारशें वॉट पुरेत. स्वयंपाकघरांतला मिक्सर याहून कमी खात नाहीं!

मग अडचण कोठें आहे? पहिली अडचण माल चढवितांनाच होते. जिल्ह्यांतील एखाद्या बागेंत झाडावरून दुपारीं उतरविलेली मोसंबी पस्तीस अंशांची असते. अशी एक टन मोसंबी तशीच पेटींत भरली आणि ती वाटेंत पांच अंशांवर यावी अशी अपेक्षा केली, तर तिच्यांतून जी उष्णता काढावी लागेल तिच्यायोगें सुमारें ३४० किलो बर्फ वितळेल. सहा तासांत हें काम उरकावयाचें तर भिंतींच्या झऱ्याच्या सातपट उपसा झाला पाहिजे. मालमोटारीवरील लहान यंत्राची ती कुवतच नसते. शीतवाहन हें माल थंड राखण्याचें साधन आहे, थंड करण्याचें नव्हे. माल आधींच थंड करून चढवावा लागतो. बागाईतदार पुष्कळदां भाडें शीतवाहनाचें भरतो, आणि पोंचतो तो कोमट माल. दोष मात्र यंत्राच्या माथीं बसतो. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्रासाठीं नॅबकॉन्स या नाबार्डच्या सल्लागार संस्थेनें केलेली पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देशाला सुमारें ६२,००० शीतवाहनांची गरज असतां सुमारें ९,००० च असल्याचें दिसून आलें. ही तूट मोठी खरीच. परंतु ज्या पॅकहाऊसांत फळें निवडून, बांधून, थंड करून वाहनांत घालावयाचीं, तीं ७०,००० हवीं असतां सर्व देशांत अवघीं २४९ होतीं. वाहनांची चर्चा होते तितकी या आंकड्याची होत नाहीं.

दुसरी अडचण थांबण्याची. लहान मालमोटारींत शीतयंत्राचा कॉम्प्रेसर वाहनाच्या मुख्य एंजिनावरूनच पट्ट्यानें फिरतो. ही रचना सर्वांत स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीस सोपी. म्हणूनच ती सर्वत्र दिसते. परंतु एंजिन बंद झालें कीं मोट थांबली. रेल्वेच्या फाटकापाशीं गाडी उभी असतां एंजिन मंद चालतें, तेव्हां कॉम्प्रेसरहि मंद फिरतो. मोंढ्यांत माल उतरवितांना तें बंदच करतात, आणि नेमकीं तेव्हांच दारें सताड उघडीं असतात. सर्वांत अधिक शक्ति हवी त्या घटकेला ती मुळींच नसते.

या थांबण्यानें किती बिघडतें, हें पेटींत माल किती उरला आहे त्यावर अवलंबून असतें. दारें बंद असून आंत एक टन थंड फळें असतील, तर भिंतींच्या झऱ्यानें त्यांचें उष्णतामान एक अंशानें वाढावयास सुमारें दीड तास लागतो. तोच माल शंभर किलो उरला असेल तर नऊ मिनिटें पुरतात. परभणीहून निघून मानवत, पाथरी करीत सोनपेठपर्यंत वाटप करीत जाणाऱ्या गाडीचा पहिला ग्राहक निर्धास्त असतो. फटका बसतो तो शेवटच्याला. आणि तोंवर ऊनहि डोक्यावर आलेलें असतें.

एंजिनाच्या परावलंबनांतून सुटण्याचा पहिला यशस्वी मार्ग अमेरिकेंत निघाला. १९३८ सालीं मिनियापोलिस येथें फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या स्वशिक्षित कृष्णवर्णीय यंत्रज्ञानें जोसेफ न्युमेरो यांच्या कारखान्यांत मालमोटारीवर बसणारें शीतयंत्र सिद्ध केलें. त्यापूर्वीं मांस आणि फळें बर्फांत घालून नेत, व बर्फ संपला कीं माल नासे. शीतयंत्र त्या काळींहि नवें नव्हतें. रस्त्याच्या हिसक्यांनीं ज्याचे सांधे निखळणार नाहींत असें यंत्र करणें, ही खरी कामगिरी होती. १९९१ सालीं दोघांनाहि मरणोत्तर अमेरिकेचें राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यांत आलें. मोठ्या मालमोटारींच्या कपाळीं स्वतंत्र डिझेल एंजिनासह जें यंत्र असतें, तें याच वंशांतलें. गाडी उभी असो वा धांवत असो, तें आपल्या गतीनें चालतें. परभणी ते मुंबई या सुमारें ५०० किलोमीटरांच्या प्रवासाला तेंच योग्य. पण तें ताशीं दोनतीन लिटर डिझेल जाळतें, आणि हा खर्च डोळ्यांसमोर असल्यामुळें निराळाच रोग जडतो. वाटेंत यंत्र बंद ठेवावयाचें आणि मुक्काम जवळ आला कीं सुरू करावयाचें! पेटींतली हवा अर्ध्या तासांत गार होते, थर्मामीटर चार अंश दाखवितो आणि माल घेणारा सही करतो. आइस्क्रीमच्या बाबतींत ही लबाडी लपत नाहीं. एकदां वितळून पुन्हां गोठलेलें आइस्क्रीम जिभेवर खडीसारखें लागतें. औषधाच्या कुपीला मात्र जीभ नसते. म्हणून पेटींत दर कांहीं मिनिटांनीं उष्णतामानाची आपोआप नोंद करणारें लहानसें उपकरण ठेवणें अगत्याचें ठरतें.

बॅटरीवर यंत्र चालवावें अशी कल्पना सहज सुचते. मालमोटारीच्या नेहमींच्या १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरींत सव्वा युनिटाच्या आंतच वीज मावते, आणि बॅटरीला इजा न होतां तिच्यांतून निम्मीच काढतां येते. साडेचारशें वॉटच्या कामाला ती दीड तासहि पुरत नाहीं. वर एंजिन सुरू करावयासच वीज उरली नाहीं, तर भर रस्त्यांत गाडी ढकलावी लागेल. शीतयंत्रासाठीं निराळी, मोठी लिथियम बॅटरी ठेवून ती वाटेंत भरीत राहिल्यास हें साधतें, पण किंमत वाढते. टपावर सूर्यपट बसविण्याचा विचार मराठवाड्यांत मात्र हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. चौदा फुटी टपावर सुमारें दीड किलोवॅटचे पट मावतात आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सहा युनिटांच्या आसपास वीज देतात. दहा तासांत भिंतींतली उष्णता उपसावयास साडेचार लागतात. उष्णता ज्या सूर्यामुळें वाढते तोच ती उपसावयास वीज पुरवितो, शिवाय पटांची सावली टपाला मिळते. उणेपण दोन प्रकारचें. तापलेल्या पटाची वीज दर अंशामागें कांहीं अंशीं घटते. आणि आषाढांत आभाळ भरून आलें कीं हा पुरवठा फार थोडा उरतो.

शक्तीवांचूनहि थंडी दूर नेतां येते, हें १८३३ सालींच दिसून आलें. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें ‘टस्कनी’ जहाजांतून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांचा प्रवास करून आणि विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि त्यांतला सुमारें १०० टन शिल्लक होता. तेथें राबलें तें केवळ उष्णतारोधक आवरण. खेड्यापाड्यांतील बालकांना टोंचावयाच्या लसी आजहि याच तत्त्वावर प्रवास करतात. जिल्ह्याच्या लसभांडारांतून आरोग्य केंद्रांकडे जाणाऱ्या लसवाहनाला बहुधा शीतयंत्र नसतेंच. जाड भिंतींच्या शीतपेट्यांत, गोठविलेल्या पाण्याच्या पिशव्यांमध्यें, लस दोन ते आठ अंशांत राखतात. यांत एक नाजूक गोम आहे. पिशवी फ्रीझरमधून काढून तशीच ठेवली तर धनुर्वाताची किंवा कावीळ ‘ब’ ची लस गोठून निकामी होते. म्हणून पिशवी थोडा वेळ बाहेर ठेवून, कानाशीं हालवून, आंत पाण्याचा आवाज येऊं लागला म्हणजेच ती पेटींत घालावयाची, असा नियम आहे. एवढ्या मोठ्या व्यवस्थेंतली ही परीक्षा आरोग्य-कर्मचाऱ्याच्या कानावर सोंपविलेली आहे, आणि ती उत्तम चालते.

हेंच तत्त्व मालमोटारींत आणावें म्हणजे गोठणाऱ्या पाट्यांची पद्धत होते. पेटीच्या आंत, छताला किंवा भिंतींना, विशिष्ट क्षारद्रावण भरलेल्या धातूच्या चपट्या पाट्या बसवितात. रात्रीं गाडी उभी असतां घरच्या विजेवर यंत्र चालवून तें द्रावण आठदहा तासांत गोठवितात. दिवसभर तें हळूहळू वितळत राहतें आणि आंत आलेली उष्णता पिऊन टाकतें. एंजिन चालू असो वा बंद, पाट्यांना त्याचें सोयरसुतक नसतें. पूर्वीं सांगितलेल्या पेटीच्या भिंतींतून दहा तासांत शिरणारी उष्णता शोषावयास सुमारें शंभर किलो द्रावण लागेल. दारें वारंवार उघडलीं तर त्याहून बरेंच अधिक. तितका माल कमी न्यावा लागतो, हा तोटा. उलट रात्रीं बाहेरचा पारा बराच उतरलेला असल्यानें तेवढ्याच विजेंत काम अधिक होतें. सकाळीं निघून सायंकाळीं परत येणाऱ्या, दहा गांवीं दार उघडणाऱ्या जिल्ह्यांतल्या वाटपाच्या गाडीला डिझेलच्या दुसऱ्या एंजिनापेक्षां हीच पद्धत सोयीची म्हटली पाहिजे. अट एकच, कीं रात्रींची वीज अखंड हवी. मध्यरात्रीं चार तास वीज गेली, तर सकाळीं पाट्या अर्धवट गोठलेल्या असतात आणि तें दुपारीं दोन वाजेपर्यंत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

स्वतंत्र एंजिनाच्या पुष्कळ शीतयंत्रांना गाडी उभी असतां चालवावयाची एक वीजमोटारहि जोडलेली असते. तिला तीन फेजची खोबणी लागते. ती खोबणी मोंढ्यांत नसते, म्हणून वीजमोटार असूनहि गाडीवाला डिझेल जाळीत बसतो. सेलू, मानवत आणि परभणी येथील कापसाच्या जिनिंग कारखान्यांपर्यंत तीन फेजची वीज पोंचलेली आहे. तेथून मालधक्क्यापर्यंत केबल आणणें हें कांहीं दुष्कर काम नव्हे. पावसाचें पाणी आंत शिरणार नाहीं असें झांकण, प्रत्येक गाडीचा खर्च निराळा दाखविणारें मीटर आणि गाडी पेटीच्या बाजूनें धक्क्याला टेकेल इतकी जागा एवढें असलें, तर संध्याकाळीं आलेली गाडी रात्रभर त्या खोबणीवर राहील. पहांटे चारला, हवा सर्वांत गार असते तेव्हां, आदल्या रात्रीं थंड करून ठेवलेला माल तींत चढेल, आणि गाडीवाला दार लावून मगच एंजिन सुरू करील.