शिष्यवृत्ती परीक्षेतील इंग्रजी : वाचन, शब्दसंग्रह व व्याकरण यांचा सराव

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या कानांवरून त्यामुळे निदान तीन-चार वर्षे तरी इंग्रजी गेलेली असते. तरीही खेड्यातील पुष्कळ शाळांत या परीक्षेतील इंग्रजीचा भाग हा मुलांना व शिक्षकांनाही सर्वांत अवघड वाटतो. हा भाग अवघड का वाटतो, आणि नित्याच्या तासांतूनच त्याची तयारी कशी करून घेता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

पूर्वी ही परीक्षा चौथी व सातवी या इयत्तांसाठी होत असे. २०१७ मध्ये ती पाचवी व आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेण्यात येऊ लागली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीस जोडण्याचे ठरविले. इयत्ता बदलल्या तरी इंग्रजीच्या तयारीचे मूळ तत्त्व बदलत नाही. पाचवीसाठी जी रचना ठरली होती तीत दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तृतीय भाषा इंग्रजीचे २५ प्रश्न व ५० गुण, आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न व १०० गुण होते. एकूण ७५ प्रश्नांस वेळ ९० मिनिटांचा. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास ७२ सेकंद येतात, आणि इंग्रजीच्या संपूर्ण भागास अर्धा तास मिळतो. एवढ्या वेळात मुलाने प्रश्न वाचावयाचा, चार पर्याय वाचावयाचे, एक निवडावयाचा व त्याचे वर्तुळ काळे करावयाचे. ज्या मुलास वाक्य अडखळत वाचावे लागते, त्याचा निम्मा वेळ वाचण्यातच जातो. यावरून दिसून येईल की, या परीक्षेत व्याकरणाचे नियम किती पाठ आहेत यापेक्षा वाचन किती सहज होते यावर यश अधिक अवलंबून असते.

सरावातील नेहमीचा दोष

सामान्यतः तयारीचा क्रम असा आढळतो : शब्दार्थांच्या याद्या पाठ करून घ्यावयाच्या, नियम फळ्यावर लिहून द्यावयाचे, आणि दिवाळीनंतर सराव-प्रश्नपत्रिकांचा सपाटा लावावयाचा. उताऱ्याचे वाचन या क्रमात सर्वांत शेवटी येते, आणि कित्येकदा येतही नाही. परिणाम असा होतो की, मूल उतारा न वाचताच उत्तर शोधू लागते. प्रश्नातील एखादा शब्द उताऱ्यात जेथे दिसेल तेथील जवळचे नाव ते उत्तर म्हणून उचलते.

एक लहानसा उतारा घ्यावा : ‘रवी हॅज अ रेड बॅग. मीना हॅज अ ब्लू बॅग. मीना गिव्हज हर बॅग टू राजू.’ प्रश्न असा : ‘हू हॅज द ब्लू बॅग नाऊ?’ पर्याय : रवी, मीना, राजू, टीचर. शब्द जुळविणारे मूल ‘ब्लू’ हा शब्द शोधते, शेजारी ‘मीना’ दिसते, आणि ते मीनाचे वर्तुळ काळे करून मोकळे होते. तिसरे वाक्य वाचून समजणारे मूल मात्र राजूपर्यंत पोचते. दोघांनाही ‘ब्लू’ आणि ‘बॅग’ या शब्दांचे अर्थ पाठ आहेत. फरक आहे तो तिसरे वाक्य समजून वाचण्याचा.

या दोषाची झळ परीक्षेपुरतीच राहत नाही. वर्गातून चार-पाच मुले परीक्षेसाठी निवडली जातात, त्यांतील एखाद्यास शिष्यवृत्ती मिळते, आणि उरलेल्यांच्या हाती काय राहिले हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता. ते बंगालमध्ये शिक्षणखात्यात होते व ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या द्वैभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी विम्याचा दृष्टान्त दिला आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी जी काही रक्कम परत हाती येते, तसे शिक्षण मध्येच सुटले तरी मुलाच्या हाती काही उपयुक्त उरले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यासाठी त्यांनी बंगाली मुलांना इंग्रजी शिकविताना वाचनास पहिले स्थान द्यावे असे सुचविले. अर्धवट पाठ झालेले नियम कामास येत नाहीत. परंतु साधे वाक्य वाचून समजण्याची शक्ती थोडी आली तरी तेवढ्यापुरती उपयोगी पडते. औषधाच्या बाटलीवरील, खताच्या पोत्यावरील वा बसच्या पाटीवरील दोन शब्द वाचता येणे हाही लाभच होय.

वाचन : उत्तरावर बोट

वाचनाच्या सरावासाठी एकच नियम कसोशीने पाळावा. मुलाने उत्तर दिले की, ते उत्तर उताऱ्यात कोठे सापडले त्या ओळीवर त्याने बोट ठेवून दाखवावे. उत्तर बरोबर असो वा चूक, बोट ठेवल्याशिवाय ते मान्य करू नये. वरील उदाहरणात ‘मीना’ म्हणणारे मूल दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवील. तेव्हा शिक्षकांनी ‘चूक’ एवढेच न म्हणता ‘पुढचे वाक्य वाच पाहू, नंतर काय झाले?’ असे विचारावे. मूल आपली चूक स्वतःच दुरुस्त करील. अंदाजाने बरोबर आलेले उत्तरही या रीतीने उघडे पडते.

उतारा पाच-सहा वाक्यांहून मोठा नसावा. प्रथम शिक्षकांनी तो स्पष्ट, सावकाश वाचावा व मुलांनी अक्षरांवर दृष्टी ठेवून ऐकावा. नंतर जोडी-जोडीने मुलांनी वाचावा. शेवटी प्रत्येकाने मनात वाचावा, कारण परीक्षेत मनातच वाचावयाचे असते. ज्या शिक्षकांना स्वतःच्या उच्चारांविषयी शंका वाटते त्यांनी उतारा आदल्या दिवशी शब्दकोशाच्या साहाय्याने तयार करावा, किंवा मोबाईलवरील ध्वनिमुद्रित वाचन ऐकून घ्यावे. एखादा शब्द अडल्यास ‘उद्या पाहून सांगतो’ असे वर्गात मोकळेपणाने म्हणावे व दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगावे. शब्दकोश पाहण्याची सवय मुलांना यातूनच लागते.

देवनागरीत जसे लिहितो तसे बहुधा वाचतो. इंग्रजीत तसे नाही, ही गोष्ट मुलांना आरंभीच सांगावी. सी हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते व ‘सिटी’मध्ये स होते. ‘नाईफ’ या शब्दाच्या आरंभी के लिहितात, पण उच्चारीत नाहीत. ‘गो’ व ‘डू’ या दोहोंच्या शेवटी ओ हेच अक्षर आहे, तरी त्यांचे यमक जुळत नाही. यमकाचे प्रश्न डोळ्यांनी न सोडविता ओठांतल्या ओठांत म्हणून सोडवावयास शिकवावे.

शब्दसंग्रह : घरच्या शब्दांपासून आरंभ

खेड्यातील मुलास इंग्रजी शब्द येत नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. टेबल, ग्लास, बस, पंप, मोटर, टायर, डॉक्टर, बॅट, बॉल, ब्रश, पेन्सिल हे शब्द ते घरीदारी बोलतच असते. हे शब्द त्याच्या कानास ठाऊक आहेत. फक्त त्यांचे इंग्रजी लेखन डोळ्यांस ठाऊक नाही. वर्षारंभी मुलांकडूनच असे शंभर शब्द गोळा करवून त्यांचे लेखन भिंतीवरील तक्त्यावर मांडावे. आपणास इंग्रजी मुळीच येत नाही ही भीती त्यामुळे पहिल्याच महिन्यात दूर होते.

मात्र अशा काही शब्दांचे अर्थ मराठीत येताना पालटले आहेत, तिकडे लक्ष असावे. आपण ‘हॉटेल’मध्ये चहा पितो, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः प्रवाशांनी उतरण्याची जागा. आपण ‘लाईट गेली’ म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. इंग्रजीत लाईट म्हणजे प्रकाश किंवा दिवा, आणि विशेषण म्हणून हलका असाही अर्थ होतो. परीक्षेत ‘कॉपी’ हा शब्द आपण गैरप्रकारास लावतो; इंग्रजी वाक्यात तो बहुधा नक्कल किंवा प्रत या साध्या अर्थाने येतो.

नवे शब्द दररोज चारच द्यावेत. आठवड्यातील पाच दिवसांत वीस, आणि तीस आठवड्यांत सहाशे शब्द होतात. एवढा संग्रह लहान नव्हे. मायकेल वेस्ट यांनीच १९५३ साली प्रसिद्ध केलेली इंग्रजीतील नित्योपयोगी शब्दांची सुप्रसिद्ध यादी सुमारे २,००० शब्दांची आहे. वहीत शब्द व त्यापुढे मराठी अर्थ एवढेच लिहू नये. शब्द एका लहान वाक्यात लिहावा. ‘फुल’ म्हणजे भरलेला, याऐवजी ‘द पॉट इज फुल’ असे लिहिलेले मूल सहसा विसरत नाही. शेजारीच ‘द पॉट इज एम्प्टी’ लिहिले की विरुद्धार्थी शब्दही आपोआप येतो. आज दिलेला शब्द उद्या, आठवड्याने व महिन्याने पुन्हा विचारावा. एकदा पाठ झालेला शब्द पुन्हा भेटला नाही तर तो विसरला जाणारच.

व्याकरण : मराठीशी तुलना

मुलाच्या बहुतेक चुका त्याच्या मातृभाषेच्या वळणातून होतात. म्हणून नियम सुटा न सांगता मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य लिहून दाखवावे. फळ्याचे दोन भाग करून पुढील पाच भेद सावकाश, एकेका आठवड्यास एक, याप्रमाणे शिकवावेत.

१. क्रियापदाचे स्थान. मराठीत ‘रवी आंबा खातो’, म्हणजे क्रियापद शेवटी. इंग्रजीत ‘रवी ईट्स अ मँगो’, म्हणजे क्रियापद कर्त्यानंतर लगेच. शब्द उलटसुलट देऊन वाक्य जुळविण्याच्या प्रश्नांत हा भेद कामी येतो.

२. शब्दयोगी अव्यये. मराठीत ती नामास मागून चिकटतात : ‘टेबलावर’. इंग्रजीत ती नामापूर्वी व सुटी येतात : ‘ऑन द टेबल’.

३. लिंग व क्रियापद. ‘राम जातो’, ‘सीता जाते’ असा फरक मराठीत होतो. इंग्रजीत दोघांसही ‘गोज’. परंतु ‘आय गो’ व ‘ही गोज’ हा फरक होतो, आणि नेमका तोच प्रश्नांत विचारला जातो.

४. ‘मला’ची वाक्ये. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेता येत नाही. तेथे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ असे होते. मराठीतील ‘मला’ ऐकताच मूल ‘मी’ या शब्दाने आरंभ करते. कारण तसाच उच्चार असलेला इंग्रजी शब्द ‘मला’ या अर्थाचा आहे. अशा वाक्यांचा तोंडी सराव भरपूर हवा.

५. उपपदे. मराठीत उपपद नाही, म्हणून मूल ते गाळते. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर पाहून ठरवू नये, उच्चार ऐकून ठरवावे. ‘ॲन अवर’मध्ये एच उच्चारला जात नाही म्हणून ‘ॲन’. ‘अ युनिफॉर्म’मध्ये आरंभी य ऐकू येतो म्हणून ‘अ’.

दिवसाची व आठवड्याची आखणी

द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. तेथे स्वतंत्र जादा तास काढणे कठीण. अशा ठिकाणी दररोज वीस मिनिटे पुरेत : पाच मिनिटे मागील शब्द, दहा मिनिटे उतारा व उत्तरावर बोट, पाच मिनिटे मराठी-इंग्रजी वाक्यांची तुलना. वाचनाच्या वेळी वरच्या वर्गातील मूल खालच्या वर्गातील मुलाबरोबर बसवावे. शनिवारी दहा प्रश्नांची लहान चाचणी बारा मिनिटांत घ्यावी; ७२ सेकंदांचा हिशेब मुलांच्या अंगवळणी पडेल.

पूर्ण प्रश्नपत्रिका महिन्यातून एक सोडविली तरी चालेल, पण ती तपासून झाल्यावर ठेवून देऊ नये. प्रत्येक चुकीपुढे मुलाने स्वतः एक खूण करावी : शब्द माहीत नव्हता, नियम चुकला, की नीट वाचले नाही. तीन-चार प्रश्नपत्रिकांनंतर कोणत्या खुणा अधिक आहेत हे पाहून पुढील महिन्याची दिशा ठरवावी. ‘नीट वाचले नाही’ ही खूण पुष्कळांच्या वहीत अधिक दिसेल, आणि त्यावर नव्या शब्दांच्या याद्या हा उपाय नव्हे हेही तेव्हाच ध्यानात येईल.

हा सर्व सराव निवडक मुलांपुरता न ठेवता संपूर्ण वर्गाकडून करून घ्यावा. शिष्यवृत्तीची संख्या ठरलेली असते. ती सर्वांना मिळणार नाही. वाचता येणे मात्र वर्गातील प्रत्येकास मिळू शकते. निकालाच्या यादीत ज्याचे नाव नाही अशा मुलापुढे वर्षअखेरीस पाच ओळींचा नवा उतारा ठेवावा. त्याने तो वाचून विचारलेल्या उत्तरावर बोट ठेवले, तर त्या शाळेतील इंग्रजीची तयारी योग्य मार्गाने झाली असे समजावे.