शांता आपटे यांच्या चरित्राचें एक अस्सल साधन

बखर मागाहून लिहिलेली, पत्र त्या वेळचें. दोहोंच्या प्रामाण्यांतील भेद आमच्या वाचकांस सांगणें नलगे. चित्रपटाच्या इतिहासासहि तोच लागू पडतो. शांता आपटे (१९१६–१९६४) यांचें चरित्र याचें उत्तम उदाहरण होय.

पुण्यांत ‘प्रभात’नें काढलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटानें त्यांचें नांव झालें. ‘कुंकू’ (१९३७) मध्यें जरठ वराशीं लावलेलें लग्न न मानणारी नीरा त्यांनीं उभी केली; पदेंहि स्वतःच म्हटलीं. १९३९ सालीं करारासंबंधीं वाद होऊन त्यांनीं कंपनीच्या दारांतच उपोषण केलें. असें वृत्त ऐकीव राहिलें म्हणजे त्याची बखर होते. परंतु १९४० सालीं त्यांनीं स्वतः ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहून या धंद्यांतील शोषणाविरुद्ध आपली बाजू मांडली. नटीच्या हातचा असा समकालीन पुरावा विरळा.

कासुर्डीच्या आसपास जुनीं दप्तरें पाहतांना आम्हीहि मोडी कागद तेवढे उचलीत आलों. छापील पुस्तकें रद्दींत गेलीं. संग्राहकांनीं ही चूक पुन्हां करूं नये, इतकीच विनंति.