शस्त्रधारणाधिकार
शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा विधिमान्य हक्क. अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीत (१७९१) तो नमूद आहे. मात्र तीत नागरी सेनेचाही उल्लेख असल्याने हा हक्क सेनेपुरता की व्यक्तीचाही, हा वाद दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो व्यक्तीचा, तर २०२२ मध्ये घराबाहेरही लागू ठरविला. तथापि कमरेला उघडपणे पिस्तूल लावून फिरण्याविषयी घटकराज्यांचे कायदे भिन्न आहेत. ॲरिझोनात त्यासाठी परवाना लागत नाही. इलिनॉयमध्ये मात्र परवानाधारकासही सार्वजनिक ठिकाणी ते झाकूनच न्यावे लागते. साहजिकच एका राज्यातील निर्दोष वर्तन सीमा ओलांडताच गुन्हा ठरू शकते. १९८६ च्या संघीय कायद्याने प्रवाशास दिलेले संरक्षण तोकडेच आहे : शस्त्र रिकामे व सहज हाती न लागणारे हवे आणि प्रवासाच्या दोन्ही टोकांस ते बाळगणे वैध हवे.