गो मॉल: ४७ किलोमीटरला अख्खा दिवस

हा एपिसोड कानात ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायचा असेल, तर ही लेखी आवृत्ती.

बरेच जण विचारतात, आयर्लंडचा समुद्रकिनारा गाडीने बघायचाय, हातात एकच दिवस आहे, तर कुठे जावं? माझं उत्तर ठरलेलं आहे. डिंगल गावाहून निघणारा स्ले हेड ड्राइव्ह. देशाच्या नैर्ऋत्येला केरी काउंटी आहे, तिथून जमिनीची एक जीभ अटलांटिकमध्ये घुसलीय. तिच्या टोकाला फेरी मारून हा रस्ता परत डिंगललाच येतो. लांबी साधारण ४७ किलोमीटर. मॅप उघडलात तर तासाभराच्या आसपासचा वेळ दिसेल. तो आकडा विसरा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विसरलो नव्हतो. आम्ही चार मित्र, सकाळी मोहेरचे कडे, दुपारी डिंगल, रात्री डब्लिनला परत असा प्लॅन. किनाऱ्याकिनाऱ्याने २,५०० किलोमीटर जाणारा वाइल्ड अटलांटिक वे २०१४ मध्ये सुरू झाला, आणि आमच्यासारखे लोक त्याच्याकडे टू-डू लिस्ट म्हणून बघतात. त्या दिवशी मी स्ले हेड दीड तासात उरकला. शिवाय उलट दिशेने. एका अरुंद वळणावर समोर टुरिस्ट बस आली आणि मला रिव्हर्स घ्यावा लागला. फोटो आहेत. बाकी काही आठवत नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते आई-बाबांना घेऊन. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, आता गुडघे दुखतात. ते पुन्हा इतक्या लांब येतील का, माहीत नव्हतं. त्यामुळे आदल्या रात्री डिंगललाच मुक्काम केला (डब्लिनहून साडेचार तास लागतात, एका दिवसात जाऊन-येऊन करू नका) आणि सकाळी साडेनऊला निघालो.

आता दिशेचं गणित. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं, म्हणजे आधी व्हेंट्री, मग स्ले हेड. मोठ्या बसेस याच दिशेने फिरतात, त्यामुळे त्या समोरून येत नाहीत. दुसरं कारण, आयर्लंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. या दिशेने निघालात की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याला थेट खिडकीत. बाबांना तीच सीट दिली. फिरायला आलेल्यांना भारतातलं वैध लायसन्स चालतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर बुक करा.

डिंगल सोडलं की पाट्यांवरून इंग्रजी गायब होते. हा गेलटाख्ट, म्हणजे आयरिश भाषा रोज बोलली जाते असा भाग. २००५ मध्ये पाट्यांवरून खुद्द 'डिंगल' हे नावही काढलं होतं. गावकरी चिडले, २००६ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि शेवटी दोन्ही नावं परत आली. रस्त्यावर मोठ्या रोमन अक्षरांत 'गो मॉल' असं रंगवलेलं दिसतं. आई मागून म्हणाली, "अरे, इथे कसला मॉल?" आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'हळू'.

व्हेंट्रीचा लांबलचक वाळूचा किनारा मागे टाकला की फाहनला डोंगरउतारावर दगडी झोपड्या लागतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गोल, स्थानिक नाव क्लोखान. त्या शेतकऱ्यांच्या जमिनीत आहेत, तिकीट म्हणून काही युरो द्यावे लागतात, सुटे ठेवा. पुढे एक ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो. तिथे पहिला गिअर.

स्ले हेडच्या वळणानंतर पुन्हा तेच झालं. समोरून एक कॅम्पर व्हॅन आली. इथला रिवाज असा, की रुंद जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे जायचं. आपल्या घाटातला 'चढणाऱ्याला आधी' हा हिशोब इथे धरून बसू नका. मागची रुंद जागा माझ्याजवळ होती. डावीकडे दगडी बांध, त्यापलीकडे समुद्र, आणि माझे हात घामाने ओले. बाबा तोपर्यंत सकाळपासून रिकाम्या जागी पायाने ब्रेक दाबत होते. ते शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडे बघू नको. आरसा बघ. एवढा एवढा सोड." गेलो मागे. व्हॅनवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. एवढंच, हात हलवणं वगैरे नाही. हा इथला रस्त्यावरचा नमस्कार.

पुढे कुमीनूलचा किनारा. 'रायन्स डॉटर' या १९७० च्या सिनेमाचं शूटिंग इथे झालं होतं. दिसायला सुंदर, पण पाण्याला ओढ भयंकर आहे, पोहायला उतरू नका. शेजारचं डनमोर हेड हे आयर्लंडच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक. बाबांना चढण जमणार नव्हती, म्हणून आम्ही भिंतीवर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. पाऊण तास. समोर ग्रेट ब्लॅस्केट बेट होतं.

या बेटासाठी वेळ राखून ठेवा. शंभर वर्षांपूर्वी तिथे दीडशेच्या वर माणसं होती. वीज नाही, डॉक्टर नाही, लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणलेल्या हलक्या होड्या. तरी या एवढ्याशा बेटाने पुस्तकं दिली. टोमास ओ क्रिहनचं आत्मचरित्र १९२९ चं, पेग सेयर्सचं १९३६ चं. पेगचं पुस्तक पुढे शाळेत लावलं गेलं, त्यामुळे माझे आयरिश सहकारी तिचं नाव ऐकून अजूनही तोंड वाकडं करतात. पण तरुण मुलं अमेरिकेला जात राहिली. १९४६-४७ च्या हिवाळ्यात एक तरुण आजारी पडला आणि खवळलेल्या समुद्रामुळे डॉक्टर पोचू शकला नाही, तो गेला. १७ नोव्हेंबर १९५३ ला सरकारने बेट रिकामं करायला घेतलं तेव्हा जेमतेम २२ जण उरले होते.

समोरच्या डनक्विन गावात याचं संग्रहालय आहे. आत एक लांब कॉरिडॉर, टोकाला मोठी काच, आणि काचेत ते बेट. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. आमच्या कोकणातल्या वाडीत आता सात घरं आहेत, त्यातली पाच फक्त गणपतीत उघडतात. बाबा म्हणाले, "ह्यांची होडी निघत नव्हती रे. आपल्याकडे तर दारात यष्टी येते."

मला काही उत्तर सुचलं नाही. आई म्हणाली, जेवून घेऊ.

जेवण झाल्यावर क्लॉहरच्या किनाऱ्यावर पाच मिनिटं थांबलो, आणि मग गॅलरस. उलट्या होडीच्या आकाराचं छोटं दगडी प्रार्थनाघर, वय किमान आठ-नऊशे वर्षं. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा आत सरकवलाय. आत डोकावणारं टोक पडत नाही, कारण मागच्या बाजूला वरच्या थरांचं वजन बसलेलं असतं. दगड किंचित बाहेरच्या बाजूला उतरते ठेवलेत, म्हणजे पाणी आत न येता बाहेर ओघळतं. गोल झोपडीत हे सोपं, कारण प्रत्येक वर्तुळ स्वतःला धरून ठेवतं. लांब सरळ भिंतीत ती मदत मिळत नाही, भिंत मधोमध खचते. गॅलरसलाही थोडा पोक आलाय, तरी ते उभं आहे. बाबांनी भिंतीवर हात ठेवला. "गडगाच आहे की. फक्त वर मिटवलाय."

सव्वासहाला डिंगलमध्ये परत आलो. जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई कशाचीच नव्हती. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बाबा डाव्या सीटवरून एक बोट उचलून दाखवत होते. ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा. त्यानेही उचललं.