न्हाणीघरातील छुपा वैरी

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या पठारावर वसलेला. पौषातल्या पहाटे येथे चांगलेच गारठते. थंड देशांप्रमाणे घरेच्या घरे तापविण्याची यंत्रे आपल्याकडे नाहीत. आपण तापवतो ते अंघोळीचे पाणी, आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. तेव्हा घरातील ऊब निर्धोक आहे की नाही, याची परीक्षा या दोन ठिकाणीच केली पाहिजे.

पूर्वी वाड्यात तांब्याचा बंब असे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरत; पण तो धूरच माणसाला सावध करी. आज कोंदट न्हाणीघरात गॅसचा गीझर बसतो. धूर दिसत नाही, म्हणून धोकाही नाही असे आपण समजतो. घात होतो तो येथेच.

ज्योतीला प्राणवायू लागतो. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वायू मात्र जळण्यातूनच जन्मतो, त्याची वर्दी कोण देणार? तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली दाखवून दिले. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते. मग दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

तपासणी सोपी आहे. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, काजळी धरली, तर कारागीर बोलवावा. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, हे सर्वांत उत्तम. झरोके बुजवू नयेत. नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती कधीही शोधू नये. विजेच्या उपकरणांचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि हीटरची कांडी बटण बंद करून, पिन काढल्यावाचून पाण्यात हात घालू नये.

शेगडीचेही तेच. निखाऱ्यांवर राख धरली, तरी वायू सुटतच राहतो. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत आई आणि तान्हे मूल तोच वायू श्वासाबरोबर घेत असतात. शेक झाला की शेगडी बाहेर न्यावी. कोणाला घेरी आलीच, तर आधी त्याला उघड्यावर आणावे व डॉक्टरांना गाठावे.

दिवाळीपूर्वी आपण घराची झाडलोट करतो. अभ्यंगस्नानाचे पाणी तापण्यापूर्वी ही तपासणीही त्याच झाडलोटीत धरावी, एवढेच आमचे सांगणे आहे.