निफ्टी, नेक्स्ट फिफ्टी की ईटीएफ? बहिणीच्या पहिल्या एसआयपीची गोष्ट

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, किंवा बसमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधली अडखळणं काढलीत.

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. पहिली नोकरी, तिसरा पगार. म्हणाली, "दादा, महिन्याला 3,000 इंडेक्स फंडात टाकायचेत. ॲप उघडलं तर ढीगभर नावं. निफ्टी 50, नेक्स्ट 50, इक्वल वेट, मोमेंटम, वर ईटीएफ वेगळेच. कुठलं घेऊ, सांग की." फोन ठेवता ठेवता अजून एक, "आणि आईच्या एफडीचे 3 लाख सुटतायत. ते पण त्यातच टाकूया का?"

दुसऱ्या प्रश्नाने मला घाम फुटला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी आपल्या सोलापूरची एक गोष्ट. जुनी गिरणी सगळ्यांना माहितीय. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. एकेकाळी तिचा शेअर घरात असणं म्हणजे अभिमानाची गोष्ट. 1949 मध्ये गिरणी बंद पडली, 1950 मध्ये सरकारने कारभार ताब्यात घेतला. 100 रुपयांच्या प्रेफरन्स शेअरवर लोकांनी 50 भरले होते. नव्या संचालकांनी उरलेले 50 मागितले! एक भागधारक कोर्टात गेला आणि 1953 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टात जिंकला. पण विचार करा, गिरणी अडचणीत, वर तिच्यासाठी अजून पैसे भरायची नोटीस. एकाच कंपनीवर भिस्त ठेवली की असं होतं.

इंडेक्स फंड नेमकं हेच टाळतो. निफ्टी 50 म्हणजे एनएसईवरच्या 50 मोठ्या कंपन्यांची यादी. फंड त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेतो. यादी वर्षातून दोनदा तपासली जाते. एखादी कंपनी घसरली की बाहेर, दुसरी आत. 2009 मध्ये सत्यम बाहेर गेली, 2020 मध्ये येस बँक. ती बाहेर पडेपर्यंतचा तोटा आपल्यालाही बसतो, पण 50 पैकी एकीचा.

आता निवड. तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

पहिला प्रश्न: कुठला इंडेक्स?

सेन्सेक्समध्ये 30 कंपन्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या निफ्टी 50 मध्येही असतात. म्हणून दोन्ही घेऊन काही मिळत नाही. मी 2021 मध्ये हेच केलं होतं. चार फंड घेतले, वाटलं पैसे विभागले. नीट बघितलं तर चारही फंडांत वर त्याच बँका! चार ताटांत एकच भाजी.

नेक्स्ट 50 म्हणजे त्यानंतरच्या, 51 ते 100 नंबरच्या कंपन्या. त्या जास्त उसळतात, तशाच जास्त आपटतात. इक्वल वेटमध्ये कंपन्या निफ्टीच्याच, पण प्रत्येकीला सारखा, म्हणजे 2 टक्के वाटा. मोमेंटम म्हणजे ज्यांचा भाव अलीकडे वर पळतोय त्या. यात सतत अदलाबदल असते, त्यामुळे खर्च वाढतो आणि बाजार उलटला की झटका जोरात बसतो. पहिल्या एसआयपीला साधा निफ्टी 50 पुरे.

दुसरा प्रश्न: फंड की ईटीएफ?

भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, 2001 च्या डिसेंबरात आला. ईटीएफ शेअरसारखा बाजारात घ्यावा लागतो. डीमॅट लागतं, समोर विकणारा लागतो, आणि भाव क्षणाक्षणाला बदलतो. साध्या इंडेक्स फंडात पैसे दुपारी 3 च्या आत पोचले की त्या दिवशीच्या एनएव्हीला युनिट मिळतात. एसआयपी आपोआप कापली जाते.

ईटीएफचा खर्च कमी म्हणून मी एकदा भुललो. उलाढाल फारच कमी असलेला एक ईटीएफ घेतला. त्याचं खरं मूल्य 25 रुपये, मी मोजले 25.60. म्हणजे 2.4 टक्के जास्त. वर्षाला 0.2 टक्के खर्च घेणाऱ्या फंडाचा 12 वर्षांचा खर्च मी एका क्लिकमध्ये घालवला. ईटीएफ घ्यायचाच तर रोज भरपूर उलाढाल असलेला घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी भाव एनएव्हीशी ताडून बघा.

करात फरक नाही. शेअरच्या फंडात आणि ईटीएफमध्ये वर्षानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यावर 12.5 टक्के. वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के.

तिसरा प्रश्न: कोणाचा फंड?

सगळे एकच यादी चालवतात, मग जाहिरात बघून काय करायचं? दोन आकडे बघा. एक, एक्स्पेन्स रेशो. 1 लाखावर 0.2 टक्के म्हणजे वर्षाला 200 रुपये, 1 टक्का म्हणजे 1,000. डायरेक्ट प्लॅन घ्या, त्यात एजंटचं कमिशन नसतं. दोन, ट्रॅकिंग डिफरन्स. इंडेक्सने 12 टक्के दिले आणि फंडाने 11.7, तर फरक 0.3. हा जितका कमी, तितका फंड प्रामाणिकपणे नक्कल करतोय.

आता आईचे 3 लाख. ते बहिणीच्याच लग्नासाठी ठेवलेत, पुढच्या वर्षी. 2020 मध्ये निफ्टी जानेवारीत 12,300 च्या वर होता, 23 मार्चला 7,610 वर बंद झाला. दोन महिन्यांत 38 टक्के खाली. 3 लाखांचे 1 लाख 86 हजार. पुढे बाजार वर आला, खरंय. पण मंगल कार्यालयवाला तोपर्यंत थांबतो का?

म्हणून तिला सांगितलं, "तुझे 3,000 एका निफ्टी 50 इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅन, आणि निदान सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. आईचे पैसे एफडीतच राहू देत." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढंच? मला वाटलं तू काहीतरी भारी सांगशील."

भारी काही नाही बे, एवढंच आहे. तुमच्या घरातही असे वेगळे ठेवलेले पैसे असतील, तर फंड निवडायच्या आधी ते कधी लागणार, हे एकदा आईला विचारा. भेटू पुढच्या भागात!