एका पापुद्र्यांतले तीन गुण

गॅसची शेगडी पेटवितांना आपण लायटरचा खटका दाबतों आणि ठिणगी पडते. पुष्कळ लायटरांना विजेरी लागत नाहीं. आंतल्या तुकड्यावर आघात होतांच त्याच्यांतच विद्युद्दाब उत्पन्न होतो. ही दाबविद्युत् पिएर क्युरी व त्यांचे बंधु झाक यांनीं १८८० सालीं क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत प्रथम दाखविली. कार्यांत जी विषमता दिसते ती कारणांत कोठेंतरी असलीच पाहिजे, हें तत्त्व पिएर यांनीं १८९४ सालीं मांडलें. आणि लोखंड तापवितां तापवितां आपलें चुंबकत्व कसें टाकतें, याचा अभ्यास १८९५ सालीं पुरा केला. आजच्या विषयांत त्यांचीं हीं तिन्ही कामें एकत्र येतात, तींहि केवळ कांहीं अणूंच्या जाडीच्या पापुद्र्यांत.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा काळसर पदार्थ यंत्रांना वंगण म्हणून लावतात. त्याचा एकच पापुद्रा सोलून काढला तर जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनहि कमी भरते. या पापुद्र्याच्या रचनेला मध्यबिंदूभोंवतीं सममिति नाहीं. म्हणून तो ताणला कीं त्याच्या कडांवर विरुद्ध विद्युत् जमते. निसर्गक्रमानें दोन पापुद्रे एकावर एक असले कीं एकाचा परिणाम दुसरा खोडतो. तीन असले कीं गुण परत येतो! २०१४ सालीं प्रयोगांत हेंच आढळलें.

आतां 'दरी' म्हणजे काय? ही दरी डोंगरांतली नव्हे. पापुद्र्यांत हिंडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगाप्रमाणें बदलते. तिचा नकाशा काढला तर त्यांत सारख्या खोलीच्या दोन तऱ्हेच्या दऱ्या दिसतात, आणि पाणी सखल जागीं साठावें तसे इलेक्ट्रॉन त्यांत साठतात. काळाचा चित्रपट उलटा फिरविला तर एक दरी दुसरीच्या जागीं येते. म्हणूनच दोहोंत गर्दी सारखी. ती एकींत अधिक झाली कीं तिला दरी-ध्रुवण म्हणावयाचें. चक्राकार ध्रुवित प्रकाशानें तें २०१२ सालीं साधलें, पण प्रकाश गेला कीं हा भेद क्षणार्धांत मावळतो. पापुद्रा स्वतःच चुंबक असेल तर गोष्ट वेगळी. चुंबकत्व कालाची ती सममिति मोडतें, व एका दरीचा तळ दुसरीहून वर राहातो.

समजा, हे तिन्ही गुण एकत्र मिळाले. मग पापुद्रा नुसता ताणावा; त्यांत विद्युत्क्षेत्र उत्पन्न होईल, एकाच दरींतले इलेक्ट्रॉन वाहातांना एका कडेकडे वळतील आणि तेथें मोजतां येण्याजोगा दाब दिसेल. चुंबकाची दिशा फिरविली कीं कड बदलेल. माहिती साठविण्यास याहून सुटसुटीत साधन कोणतें? मला तरी ही कल्पना मोहक वाटते. मात्र तिचा बराचसा डोलारा अद्याप गणितावर उभा आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

अडचण अशी. क्रोमियम आयोडाइडचा एकेरी पापुद्रा चुंबक असतो, हें २०१७ सालीं सिद्ध झालें. पण केवळ उणे २२८ अंश सेंटिग्रेडच्या खालीं. शिवाय त्याची रचना सममित, तेव्हां ताणून कांहीं हातीं लागत नाहीं. व्हॅनेडियम डायसेलेनाइडच्या एका विषम रचनेंत चुंबकत्व व दरी-ध्रुवण एकत्र नांदेल, असें २०१६ सालीं आकडेमोडीनें दाखविलें, आणि विषमता म्हटली कीं दाबविद्युत् आलीच. परंतु प्रयोगशाळेंत तोच पदार्थ बहुधा दुसऱ्या, सममित रचनेंत वाढतो.